दिवाणखाना इंग्रजी, माजघर जपानी: टोकियोतलं इवासाकींचं घर कसं पाहावं

सगळ्यात आधी मोजे तपासा. थट्टा नाही. मी पहिल्यांदा हे घर पाहायला गेले तेव्हा दारातच बूट काढायला लावले आणि माझ्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. पुढचा दीड तास गालिच्यांवरून, लाकडी जिन्यावरून आणि तातामीच्या चटयांवरून तो अंगठा लपवत मी हिंडले. घर नीट पाहिलं गेलं नाही ते नाहीच. दुसऱ्यांदा आत्याला घेऊन गेले तेव्हा दोघींचे मोजे आदल्या रात्री काढून ठेवले होते.

हे घर म्हणजे टोकियोच्या ताइतो भागातला इवासाकी कुटुंबाचा जुना वाडा. मित्सुबिशी हे नाव गाडीवर किंवा एसीवर तुम्ही वाचलेलं असतं. ती कंपनी काढणाऱ्या इवासाकी यातारो यांचा थोरला मुलगा हिसाया यांनी १८९६ साली तो बांधून घेतला. जपानला पहिल्यांदा येणारे लोक देवळं आणि किल्ले बघतात, आणि ते योग्यच आहे. पण एखादी सकाळ हाताशी असेल तर हे बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीमंत जपानी माणूस पाहुण्यांसमोर कसा राहत होता आणि पाहुणे गेल्यावर कसा, हे इथे एका छपरातून दुसऱ्या छपराखाली चालत जाऊन कळतं.

नाव आणि वेळ

नकाशावर ‘क्यू इवासाकी-तेई तेइएन’ असं शोधा. ‘क्यू’ म्हणजे पूर्वीचं, ‘तेई’ म्हणजे वाडा, ‘तेइएन’ म्हणजे बाग. या शेवटच्या शब्दामुळे फसगत होते. बाग म्हणून लोक सोडून देतात, किंवा बागच बघायची म्हणून येतात आणि फक्त हिरवळ बघून नाराज होतात. इथे बघायचं ते घर.

सकाळी ९ ला उघडतं, संध्याकाळी ५ ला बंद होतं, शेवटचा प्रवेश साडेचारला. २९ डिसेंबर ते १ जानेवारी बंद. नाताळच्या सुट्टीत येणाऱ्या कितीतरी जणांचा बेत याच चार दिवसांत अडकतो, म्हणून मुद्दाम सांगते. तिकीट मोठ्यांना ४०० येन, ६५ वर्षांवरच्यांना २०० येन. आईबाबांबरोबर असाल तर त्यांचा पासपोर्ट जवळ ठेवा, वयाचा पुरावा म्हणून. प्राथमिक शाळेतल्या मुलांना तिकीट नाही. जुनी इमारत आहे, डागडुजीसाठी अधूनमधून एखादा भाग बंद ठेवतात, त्यामुळे निघण्याआधी बागेच्या अधिकृत पानावर एक नजर टाका.

शक्यतो मंगळवार-बुधवारसारखा मधला वार आणि सकाळी उघडण्याची वेळ धरा. पहिल्या अर्ध्या तासात खोल्या जवळजवळ रिकाम्या असतात आणि पूर्वेकडून ऊन आत येतं. शनिवार-रविवारी रांगेने पुढे सरकत राहावं लागतं.

पोहोचायचं कसं

सगळ्यात जवळचं स्टेशन युशिमा, चियोदा मार्गावरचं. १ नंबरच्या दाराने बाहेर पडलात की तीन मिनिटांची चाल. आपली बरीच मंडळी निशी-कासाईला नातेवाइकांकडे उतरतात; तिथून तोझाई मार्गाने ओतेमाची, तिथे चियोदा मार्ग पकडून दुसरं स्टेशन युशिमा. नारिताहून सरळ येत असाल तर केइसेइ-उएनोला उतरा, मोठ्या बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका आणि चालत या, साधारण पंधरा मिनिटं लागतात. बॅगा घेऊन येऊ नका. वाड्याच्या दारापर्यंत खडीचा चढ आहे, त्यावर चाकं चालत नाहीत.

मला स्वतःला उएनोची वाट जास्त आवडते. ती शिनोबाझु तळ्याच्या काठाने जाते. जुलै-ऑगस्टमध्ये हे तळं कमळांनी इतकं भरतं की पाणी दिसत नाही. मधल्या बेटावर बेन्तेनचं देऊळ आहे. बेन्तेन किंवा बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात आली आणि हातात वीणेऐवजी बिवा नावाचं तिथलं तंतुवाद्य घेऊन बसली. नमस्कार करून पुढे निघायला पाच मिनिटं पुरतात.

फाटक ते दार

फाटकातून आत शिरल्यावर घर दिसत नाही. खडीचा रस्ता वळण घेत वर चढतो, दोन्ही बाजूंना झाडं, आणि वळणाच्या शेवटी एकदम समोर पिवळसर लाकडी इमारत उभी राहते, चौकोनी मनोरा आणि वर घुमटासारखं छप्पर. हा रस्ता घोडागाडीसाठी होता. पाहुण्याने चढ चढता चढता उत्सुक व्हावं आणि मग घर दिसावं, असा हिशोब. त्यामुळे फोन खिशात ठेवा आणि चढ सावकाश चढा.

मुलं बरोबर असतील तर त्यांना एक काम द्या: शंकरपाळ्याचा आकार शोधा. इवासाकी घराण्याचं चिन्ह म्हणजे एकावर एक रचलेले तीन चौकट-आकार, आणि मित्सुबिशीचं चिन्ह निघालं ते या चिन्हात तोसा या प्रांताच्या सरदार घराण्याची तीन पानं मिसळून. हा आकार फाटकापासूनच भेटायला लागतो. माझ्या भाच्याने सात मोजले. मला पाचच दिसले होते.

दारात बूट काढायचे, पिशवी मिळते, त्यात घालून ते बरोबर न्यायचे. नाडीचे लांब बूट घालून येऊ नका. पाठीवरची सॅक पुढे छातीशी घ्या. भिंतींना धक्का लागू नये म्हणून तसं सांगतातच. जानेवारी-फेब्रुवारीत फरशी बर्फासारखी गार असते, तेव्हा लोकरीचे मोजे. वरच्या मजल्यावर जायला जुना जिना चढावा लागतो, गुडघेदुखीवाल्यांनी खालचा मजला आणि जपानी भाग निवांत पाहिला तरी पैसे वसूल होतात.

आत फोटो काढू देतात की नाही हा नियम वाराप्रमाणे आणि गर्दीप्रमाणे बदलतो. दारावरचा फलक बघा किंवा विचारा: ‘सुमिमासेन, शाशिन ओ तोत्ते मो ईई देसु का?’ नाही म्हणाले तर खरंच नाही. आपल्याकडे ‘एकच काढतो’ चालतं, इथे ते फार वाईट दिसतं.

इंग्रजी भाग: मान वर करून बघा

हा भाग बांधला जोसाया काँडर या इंग्रज वास्तुकाराने. तो १८७७ साली, विशी-पंचविशीच्या वयात, जपान सरकारच्या नोकरीवर टोकियोला आला, इथल्या पहिल्या पिढीच्या वास्तुकारांना त्याने शिकवलं (टोकियो स्टेशन बांधणारे तात्सुनो किंगो त्याचेच विद्यार्थी), जपानी चित्रकाराकडे स्वतः शिष्य म्हणून बसला, जपानी बाईशी लग्न केलं आणि १९२० साली इथेच वारला. इंग्लंडमध्ये तो विल्यम बर्जेस यांच्या हाताखाली होता. या बर्जेसनी १८६० च्या दशकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेसाठी एका भव्य इमारतीचे आराखडे काढले होते. ती कधी बांधलीच गेली नाही. गुरूचं मुंबईतलं काम कागदावर राहिलं आणि शिष्याचं टोकियोत उभं राहिलं, हे मला दर वेळी इथे आठवतं.

मुंबईशी आणखी एक धागा आहे, आणि तो घराच्या पैशांशी जोडलेला आहे. मित्सुबिशीचा जहाजधंदा आणि त्याची प्रतिस्पर्धी कंपनी एकत्र करून १८८५ मध्ये निप्पोन युसेन काइशा ही जहाज कंपनी झाली होती. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी तिचं ‘हिरोशिमा मारू’ हे जहाज कोबेहून मुंबईला निघालं. जपानची दूर पल्ल्याची पहिली नियमित सागरी वाहतूक ती हीच. जमशेटजी टाटा यात भागीदार होते आणि माल होता जपानी गिरण्यांसाठी आपल्याकडचा कापूस. त्यानंतर तीन वर्षांनी हे घर पुरं झालं.

आत शिरल्यावर दिवाणखाना आणि जिना. कोरीव जोडखांबांचा हा जिना सतराव्या शतकातल्या इंग्रजी धाटणीचा आहे. तिला जेकोबियन म्हणतात, पण नाव लक्षात ठेवायची गरज नाही. लाकडाकडे बघा. कोरलेलं काम इंग्रजी नमुन्याचं आहे, ते करणारे हात जपानी सुतारांचे.

बहुतेक जण खोलीत शिरतात, शेकोटी बघतात, फर्निचर फारसं नाही म्हणून पुढे जातात. फर्निचर खरंच फारसं नाही. म्हणून मान वर करा. बायकांच्या पाहुणखोलीच्या छताला भरतकाम केलेलं रेशमी कापड लावलंय, आणि त्याच खोलीच्या कमानी इस्लामी वळणाच्या आहेत. इंग्रज वास्तुकार, जपानी मालक, अरबी कमान आणि त्यावर जपानी सुईचं काम. त्या काळी युरोपातल्या बड्या घरांतही एखादी ‘पौर्वात्य’ खोली ठेवायची टूम होती. पूर्वेकडच्या देशात पश्चिमेकडून आलेली पूर्वेची नक्कल! आत्या बराच वेळ तिथेच उभी होती. तिने आयुष्यभर पोलक्यांवर भरतकाम केलंय, तिला टाके मोजायचे होते.

वरच्या मजल्यावर भिंतींना हात लावू नका, जवळून फक्त बघा. सोनेरी नक्षीचं चामडं वाटतं, पण तो कागद आहे. जपानी हातकागदावर धातूचा वर्ख चढवून, कोरलेल्या लाकडी साच्याने उठाव देऊन, वर रंग आणि लाखेचा हात देऊन हा ‘किंकाराकावाकामी’ करतात. युरोपात श्रीमंतांच्या घरी भिंतींना खरं सोनेरी चामडं असायचं. जपान्यांनी ते कागदात उतरवलं आणि उलट युरोपालाच विकलं. नंतर ही कला जवळजवळ बुडाली होती. आता जो दिसतो तो जुन्या नमुन्यावरून पुन्हा तयार करून लावलेला आहे. तिरक्या उजेडात, म्हणजे सकाळी, त्याचा उठाव चांगला कळतो.

मग दक्षिणेकडच्या व्हरांड्यात या. खालचा व्हरांडा आणि वरचा, दोन्हीकडे खांबांच्या रांगा. खालचे साधे, वरच्यांच्या डोक्यावर शंखासारखी वळणं. खालच्या फरशीवर इंग्लंडहून आणलेल्या मिंटन टाइल्स आहेत. मुंबई-पुण्यात वाढलेल्या माणसाला इथे एकदम घरी आल्यासारखं वाटतं, आणि त्याला कारण आहे. असा खोल व्हरांडा इंग्लंडच्या थंडीत कोण बांधणार? गोऱ्या लोकांनी तो भारतात आणि आसपासच्या गरम मुलखांत उचलला, आणि व्यापाराच्या वाटेने तो पूर्वेकडे गेला. शब्दही इंग्रजीत भारतातूनच गेला. जपानीत आज गॅलरीला ‘बेरांदा’ म्हणतात.

सांधा

आता या लेखातला माझा मुख्य आग्रह. इंग्रजी इमारतीतून जपानी इमारतीत जाणारा एक आखूड बोळ आहे. लोक तिथून भराभर जातात. तुम्ही थांबा. पायांखाली काय बदलतंय ते बघा, छत किती खाली आलंय ते बघा, उजेड कुठून येतोय ते बघा. इकडे खिडक्यांच्या काचांतून सरळ ऊन, तिकडे शोजीतून, म्हणजे कागद लावलेल्या सरकत्या दारांतून, गाळलेला प्रकाश. इकडे बूट-कोट घालून उभं राहायचं घर, तिकडे जमिनीवर बसायचं.

इवासाकी कुटुंब राहत होतं ते तिकडे. इंग्रजी इमारत पाहुण्यांसाठी आणि समारंभांसाठी होती. हिसाया अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकून आले होते, पाश्चात्त्य राहणी त्यांना नवी नव्हती. तरी जेवण, झोप, मुलांचं वाढणं तातामीवर झालं. आत्याने एका वाक्यात निकाल लावला: “म्हणजे दिवाणखाना साहेबाचा नि माजघर आपलं.” त्यानंतर मी कुणालाही हे घर याहून बरं समजावू शकलेले नाही.

फक्त एक गोष्ट डोक्यात ठेवा: आज जपानी भाग लहानसा आणि इंग्रजी भाग मोठा दिसतो, पण मुळात उलट होतं. जपानी घर कितीतरी पट मोठं होतं आणि आवारात वीसेक इमारती होत्या. आज आवाराचा साधारण एक तृतीयांशच उरलाय. १९२३ च्या भूकंपातून आणि १९४५ च्या बॉम्बवर्षावातून घर वाचलं. युद्धानंतर मात्र ते कुटुंबाच्या हातून गेलं. आधी अमेरिकी लष्कराने ताबा घेतला, त्यांचं एक गुप्तचर पथक इथे बसत होतं. पुढे १९७० पर्यंत सर्वोच्च न्यायालयाची, नव्या वकील-न्यायाधीशांना शिकवणारी संस्था इथे होती. त्या काळात बहुतेक जपानी भाग पाडला गेला. साहेबी दिवाणखाना वारसा म्हणून १९६१ लाच संरक्षित झाला, माजघराचं मोल कळायला वेळ लागला. लोकांसाठी सगळं खुलं झालं ते २००१ मध्ये.

तातामीवर दोन गोष्टी पाळा. चटईच्या कापडी काठावर पाय देऊ नका आणि उंबरठ्यावर उभे राहू नका. दुसरी गोष्ट आपल्याला आजीने शिकवलेलीच असते. भिंतीतला जो कोनाडा दिसतो, तोकोनोमा, त्यात पाय ठेवायचा नाही, सामानही नाही. तो देव्हारा नसला तरी मानाची जागा आहे. तिथली चित्रं फिकट झाली आहेत, डोळे सरावायला वेळ द्या.

माच्चा

जपानी भागात चहाची सोय असते: वाटीभर हिरवा माच्चा आणि एक गोड पदार्थ. नक्की घ्या. गोड आधी खायचं, चहा मागून. माच्चात साखर नसते, तोंडात उरलेल्या गोडीवरच तो प्यायचा. गोड बहुधा लाल चवळीसारख्या अझुकीच्या पुरणाचं असतं, वेलदोडा-जायफळाशिवायचं पुरण समजा. शाकाहारी लोकांना ही वागाशी, म्हणजे जपानी मिठाई, सहसा चालते. तरी कडक पाळणाऱ्यांनी ‘झेराचिन हाइत्ते इमासु का?’ म्हणजे जिलेटिन आहे का, असं विचारून घ्यावं. आत्याला माच्चा कडुनिंबाच्या रसासारखा लागला. तिने तो पाडव्याच्या श्रद्धेने संपवला.

हिरवळ आणि बिलियर्डघर

बूट घालून मागच्या हिरवळीवर या. व्हरांड्याच्या खांबांची पूर्ण रांग इथूनच दिसते, आणि इंग्रजी छप्पर नि शेजारी जपानी कौलं एका नजरेत येतात. फोटो इथे काढा.

बाजूला एक बुटकी लाकडी इमारत आहे, स्विस डोंगरातल्या घरासारखी. ते बिलियर्ड खेळायचं घर, तेही काँडरचंच. मुख्य घरातून तिथे जायला जमिनीखालून बोगदा आहे. बोगद्यात जाऊ देत नाहीत. मुलं रुसतात. बिलियर्डघर बहुतेक वेळा बाहेरूनच, खिडकीतून बघायचं असतं, त्यासाठी दहा मिनिटं पुष्कळ झाली.

एकूण वेळ दीड तास धरा, चहासकट दोन. मग भूक लागली तर युशिमा-उएनोच्या बाजूला खाण्याची कमतरता नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये असाल तर जवळच्या युशिमा तेन्जिन देवळात उमे, म्हणजे जपानी प्लमचं झाड, फुललेला असतो. हे विद्येचं देऊळ, परीक्षेला बसणारी मुलं लाकडी पाट्यांवर नवस लिहून टांगतात. दहावी-बारावीचं कुणी घरात असेल तर आई तिथे थांबणारच.

त्याच दिवशी दुसरं घर बघायचं असेल तर

युशिमाहून चियोदा मार्गाने तीन स्टेशनं पुढे निशी-निप्पोरी, तिथून यामानोते मार्गाने दोन स्टेशनं कोमागोमे, मग बारा मिनिटांची चाल. तिथे फुरुकावा कुटुंबाचा जुना वाडा आहे, काँडरनेच १९१७ मध्ये बांधलेला. मे आणि ऑक्टोबरात गुलाब फुलतात, गर्दी त्यासाठीच असते. बागेचं तिकीट वेगळं, घराच्या आत जायचं वेगळं, आणि आत कधी आणि कसं सोडतात ते आधी तपासावं लागतं.

इवासाकींकडे दोन घरं शेजारी शेजारी होती. इथे बाहेरून काळपट दगडाचा अस्सल इंग्रजी वाडा दिसतो, जपानी असं काहीही नाही. वर गेल्यावर मधल्या मार्गिकेत लाकडी दारं लागतात, तीही साहेबी. दार उघडतं आणि आत तातामी असते.